एकाच नावाची दोन तिकिटं

विजयमाला नेमकं काय काम करते, हे नेकनुरात तिच्या आईलासुद्धा धड सांगता यायचं नाही. सुभद्राबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी बीडात कॉम्प्युटरवर बायांची तिकिटं काढती." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी एसटीत चिकटली. विजयमालाने दोन-चारदा समजावून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

आईचं म्हणणं तसं चूकही नव्हतं. विजयमाला ज्या संस्थेत होती, ती ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बायांची विचारपूस ठेवायची. दिवाळीनंतर टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे जायच्या, आणि त्यांत सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बाया असायच्या. कोणाचं रक्त कमी, कोणाची पहिली खेप, कोणाचं आधीचं सिझर. उसाच्या फडात त्यांना कोण विचारणार? म्हणून संस्थेने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते मूळचं कॉम्प्युटरवाल्यांचं. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की तिचं तिकीट काढायचं, कोणाकडे तरी सोपवायचं आणि काम झालं की बंद करायचं. संस्थेत प्रोग्रॅममधल्या चुकीऐवजी बाई आली. एका बाईचं एक तिकीट. त्यावर नाव, गाव, महिना, मुकादमाचा फोन, पुढच्या भेटीची तारीख. बाई गावातून फडावर गेली की तिकीट पुढच्या रकान्यात सरकायचं, बाळंत झाली की त्याच्या पुढच्या. शेवटी 'पूर्ण'.

विजयमालाला हे काम जमलं, कारण फड तिला परका नव्हता. तिचं लहानपण तेलगावजवळच्या वाडीत अर्धं आणि फडाकडेच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत, अर्धं गेलं होतं. टोळी एका गावाहून दुसऱ्या गावाला हलायची तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं कोंबलेलं असायचं, आणि लेकरं मोजायचं काम आईने हिच्याकडे दिलेलं. सहा-सात वर्षांची पोर मुक्कामाला पोचेपर्यंत बोटांवर मोजत बसायची. एकदा एक कमी भरलं, तर ती इतकी रडली की ट्रॅक्टर थांबवावा लागला. कमी भरलेलं लेकरू ती स्वतःच होती. स्वतःला धरायला विसरली होती. ही गोष्ट घरात हसत सांगितली जायची. विजयमालाला मात्र तिचं हसू कधी आलं नाही.

बापाची पाठ कामातून गेली, फड सुटला, तेव्हा मायलेकी नेकनूरला आजोळी येऊन राहिल्या. विजयमाला बी.ए. झाली, लग्न झालं, नवरा चाकणला कंपनीत लागला आणि महिन्यातून दोनदा घरी यायला लागला. ती रोज सकाळी एसटीने बीडला जाऊ लागली. सहा वर्षांत तिच्या हातून किती तिकिटं 'पूर्ण'मध्ये गेली, याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही, पण जी सरकली नाहीत ती तिला नावानिशी पाठ होती.

या हंगामात सहाशे चाळीस बाया होत्या. त्याच दिवाळीत सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय आली. कडेला एक चौकोन उघडायचा, त्यात साध्या मराठीत लिहायचं, आणि एक एआय सहायक कामं करून द्यायचा. संस्थेचे प्रमुख अमरसिंह सर म्हणाले, वापरून बघा. विजयमालाने भीतभीत लिहिलं, "आज कोणाकोणाची भेट राहिली आहे?" अर्ध्या मिनिटात गावनिहाय यादी हजर. तिकडे सांगलीच्या बाजूला फडाफडांवर फिरणारी नर्स स्वप्नाली स्कूटीवरूनच बोलून निरोप पाठवायची, "सुभाषच्या मंडळींचे पाय सुजलेत, परवा परत जाते." सहायक ते योग्य तिकिटावर लिहायचा, परवाची तारीख टाकायचा आणि स्वप्नालीकडे सोपवायचा. पहिला महिनाभर विजयमाला त्याची प्रत्येक नोंद उघडून तपासायची. एकही चूक सापडेना. दुसऱ्या महिन्यात ती दहातली एक तपासू लागली. संक्रांतीपर्यंत तेही सुटलं.

जानेवारीच्या सोळा तारखेला सरांनी सांगितलं, की दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे येणार आहेत, त्यांना बायांचा खरा आकडा द्यायचा आहे. अडचण अशी होती की काही बायांची दोन-दोन तिकिटं झाली होती. एकदा गावात आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेने, नोंद केलेली, एकदा फडावर स्वप्नालीने. विजयमालाने सहायकाला दुहेरी तिकिटं शोधायला सांगितली. त्याने सव्वीस जोड्या काढल्या आणि प्रत्येकीखाली कारण लिहिलं: नाव सारखं, गाव सारखं, फोन सारखा. तिने पहिल्या नऊ वाचल्या. नऊच्या नऊ बरोबर. घड्याळात सव्वापाच झाले होते आणि साडेपाचची नेकनूर गाडी चुकली तर पुढची खच्चून भरून येते. तिने 'सगळं मान्य' दाबलं. गाडीत तिला खिडकीपाशी जागा मिळाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला डोकं हलकं वाटलं.

अकरा दिवस काही झालं नाही.

सत्तावीस तारखेला दुपारी ती बाळंतिणींना फोन करत होती. यादीत रोहिणी अजिनाथ होती. टोळीतून माहेरी येऊन चौदा तारखेला बाळंत झालेली, मुलगी. आशाताईने माहेरचा नंबर कळवला होता. विजयमालाने बाळाचं वजन विचारलं, दूध पितंय का विचारलं, आणि तिकिटावर दिसत होतं म्हणून विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना गं?"

"कसल्या गोळ्या, ताई? मला बीपी कधीच नव्हता."

विजयमालाने तिकीट पुन्हा वाचलं. रक्तदाब एकशे शेहेचाळीस-चौऱ्याण्णव, गोळ्या सुरू केल्या, दर आठ दिवसांनी बघायचं. स्वप्नालीची नोंद होती, खाली तारीख होती.

"त्या गोळ्या आमच्या टोळीतल्या दुसऱ्या रोहिणीला हायत," पलीकडून रोहिणी सांगत होती. "तिचा नवरा बी अजिनाथच. आमच्याच वाडीची. टोळीत मला थोरली म्हणत्यात आन तिला धाकटी. ती तिकडंच हाय आजून, फडात."

विजयमालाने फोन कसा ठेवला ते तिला आठवत नाही. तिने तिकिटाचा इतिहास उघडला. सोळा जानेवारी, दोन तिकिटं एकत्र केली. मान्यता: विजयमाला. खाली सहायकाने दिलेलं कारण जसंच्या तसं होतं. नाव सारखं, आडनाव सारखं, कारण अख्ख्या वाडीचं आडनावच एक. फोन सारखा, कारण दोघींनी मुकादमाचाच नंबर दिलेला. एकीच्या तिकिटावर ऑक्टोबरात सहावा महिना, दुसरीच्या तिकिटावर डिसेंबरात आठवा. एकीचेच दिवस पुढे सरकावेत तसे. आणि शेवटी एक ओळ: "वयात एका वर्षाचा फरक आहे. एकत्र करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी."

ती चौदावी जोडी होती. तिने नऊ वाचल्या होत्या.

पुढचं सगळं सरळ उलगडत गेलं. थोरली बाळंत झाल्याचा निरोप अठरा तारखेला आला. एकत्र झालेलं तिकीट 'बाळंत' रकान्यात गेलं आणि फडावरच्या भेटी आपोआप रद्द झाल्या. स्वप्नालीकडे दीडशे बाया. सकाळी यादीत जी नावं येतील तिकडे ती जायची. यादीत धाकटीचं नाव आलं नाही, म्हणून वीस तारखेला ती गेली नाही. गोळ्या तीच न्यायची, आठ दिवसांच्या. म्हणजे वीसपासून धाकटीकडे गोळ्या नव्हत्या.

विजयमालाने सहायकाला लिहिलं, दोन्ही तिकिटं परत वेगळी कर. मिनिटभरात वेगळी झाली. धाकटीचं तिकीट वर आलं तेव्हा त्यावर लाल अक्षरात होतं: भेट सात दिवस उशिरा. तिने मुकादम उत्तरेश्वरला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. फडात चार्जिंगची सोय नसते, एका फोनवर चाळीस माणसं असतात, हे तिला माहीत होतं. तरी तिने सात वेळा लावला. स्वप्नालीला लावला तर ती म्हणाली, ती टोळी आता जुन्या जागेवर नाही, ऊस संपला तशी हलली, कुठे गेली ते बघावं लागेल.

एक टोळी सांगली जिल्ह्यात हलली म्हणजे काय, हे विजयमालाला सांगायला नको होतं. पाचटाच्या कोप्या मोडायच्या, ट्रॉलीत टाकायच्या, वीस-तीस किलोमीटरवर कुठल्याशा ओढ्याकाठी परत उभ्या करायच्या. पत्ता कसला आलाय? तिने सहायकाला विचारलं, उत्तरेश्वरच्या टोळीचा ठावठिकाणा कोणत्याही तिकिटावर कुठे आहे का. असं विचारताना तिला स्वतःचाच राग येत होता. ज्याच्या भरवशावर बसून घोळ झाला त्यालाच परत विचारत होती. पण सहाशे चाळीस तिकिटांवरच्या हजारो ओळी वाचायला तिच्याकडे वेळ नव्हता.

त्याने लिहिलं, की याच मुकादमाच्या टोळीतल्या विमल नावाच्या बाईच्या तिकिटावर स्वप्नालीची तीन दिवसांपूर्वीची नोंद आहे. रक्ताची तपासणी कारखान्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात झाली, बाई म्हणाली की टोळी आता पुलापलीकडच्या गावच्या शिवारात आहे. पुढे लिहिलं होतं: "ही माहिती जुनी झालेली असू शकते. याच टोळीतील बाई आहे हे मी फक्त मुकादमाच्या फोनवरून ठरवत आहे, आणि त्याच खुणेवर आधी चूक झाली आहे."

विजयमालाने या वेळी ओळ न् ओळ वाचली. मग स्वप्नालीला गावाचं नाव सांगितलं. स्वप्नालीला ती नोंद आपणच केल्याचं आठवलं आणि ती तशीच उठली. सव्वा तासाचा रस्ता होता.

त्या सव्वा तासात विजयमालाने काहीच केलं नाही असं नाही. अमरसिंह सर परळीकडे गेले होते, त्यांना फोनवर सगळं सांगितलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची काय सोय आहे ते विचारलं. डबा उघडून भाकरीचा एक तुकडा मोडला आणि परत ठेवला. पण या सगळ्याच्या मागे एकच चित्र होतं: उसाच्या सरीत बसलेली, कोयता हातात धरलेली एक बाई, जिचं तोंड तिला माहीत नव्हतं. सहा वर्षांत तिने हजारो बायांची नावं हाताळली होती, आणि बहुतेकींना पाहिलेलं नव्हतं. धाकटी रोहिणी गोरी की सावळी, उंच की बुटकी, तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिच्याजवळ फक्त एक आकडा होता, एकशे शेहेचाळीस-चौऱ्याण्णव, आणि तोही जुना.

चारच्या सुमाराला स्वप्नालीचा फोन आला. टोळी सापडली होती. रोहिणी कोपीत नव्हती, फडातच होती, मोळ्या बांधत होती. बांधावर बसवून बीपी घेतला. एकशे अडुसष्ट-एकशे बारा. पाय सुजून लाकडासारखे, दोन दिवस डोकं ठणकतंय, मधूनच डोळ्यांपुढे काजवे. "ताई, हिला आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे," स्वप्नाली दबक्या आवाजात म्हणाली, "पण ती उठत नाही. म्हणते, संध्याकाळी गाडी भरून झाली की बघू. तुम्ही बोला."

फोन रोहिणीकडे गेला. आवाज कोवळा होता, आणि दमलेला.

"ताई, मी बरी हाय. डोकं जरा दुखतंय, उन्हानं आसंल."

"गोळ्या कधी संपल्या गं?"

"झालं की आठ-धा दिस. तुमची बाई येईल म्हणून वाट बघितली. मग आली न्हाई, तुमचा फोन बी आला न्हाई. मला वाटलं, आता काई भ्याव न्हाई. बीपी उतरला आसंल, म्हणूनच तुमी फोन बंद केला आसंल."

विजयमालाने डोळे मिटून घेतले. फोन न येणं हाच या पोरीला खुशालीचा निरोप वाटला होता.

समजूत घालायला तिच्याकडे नेहमीची वाक्यं होती, शेकडो बायांना सांगितलेली. ती तिने बाजूला ठेवली. ती म्हणाली, "रोहिणी, ऐक. बीपी उतरला नव्हता. तुझं नाव दुसऱ्या रोहिणीच्या नावात मिसळलं, ती बाळंत झाली आणि आम्ही समजलो तूच झालीस. चूक माझी हाय. माझ्या चुकीनं तुझ्या गोळ्या चुकल्या. आता तू गाडी भरायला थांबलीस तर मला माझ्या हातानं काईच करता येणार न्हाई."

शेवटच्या वाक्यांना ती आपली मूळची बोली कधी बोलू लागली, तिच्याही ध्यानात आलं नाही.

पलीकडून अजिनाथचा आवाज आला, बायकोला म्हणत होता, "ऊठ. मोळ्या मी बांधतो न्हाईतर पडू दे." उत्तरेश्वरने आपली जीप काढली. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागेल म्हणत होते, तेवढा वेळ तो थांबला नाही.

तालुक्याच्या दवाखान्याने इंजेक्शन देऊन रोहिणीला जिल्ह्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सिझर झालं. मुलगा, एक किलो नऊशे. बाळ अठरा दिवस काचेच्या पेटीत होतं. त्या अठरा दिवसांत विजयमाला रोज दोनदा वजन विचारायची. वीस ग्रॅम वाढलं की श्वास सुटायचा, दहा घटलं की जेवण जायचं नाही. आई म्हणायची, "कावून इतका जीव जाळती? त्ये डाक्टर हायत की तितं." अठराव्या दिवशी मायलेकरं घरी पाठवायच्या लायक झाली, तेव्हा ती ऑफिसच्या मागच्या जिन्यात जाऊन एकटीच बसून आली.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. रोहिणी दवाखान्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी अमरसिंह सरांनी झाल्या प्रकाराचं टिपण लिहायला घेतलं. माणूस वाईट नव्हता. विजयमालाला वाचवायच्या हेतूनेच त्यांनी लिहिलं होतं, "सहायकाने दोन तिकिटे चुकीने एकत्र केल्यामुळे..." त्यांनी कागद तिच्यापुढे केला.

तिने वाचला आणि म्हणाली, "सर, त्याने खात्री करा म्हणून लिहिलं होतं. मान्य मी दाबलं."

"सव्वीस जोड्या तुम्ही एकट्या किती तपासणार होतात? आणि घाई मी लावली होती."

"तेही लिहा. पण माझं नाव आधी लिहा."

सरांनी वाक्य बदललं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "उरलेल्या पंचवीस?"

हा प्रश्न विजयमालाच्या मनात तीन दिवसांपासून होताच. तिने सहायकाला सगळ्या जोड्या परत वेगळ्या करायला लावल्या आणि एकेकीला फोन करत बसली. दोन पूर्ण दिवस गेले. आडनाव, गाव, मुकादम यांवर तिचा विश्वास उरला नव्हता. ती विचारायची, तुझं माहेर कुठलं, पहिलं लेकरू मुलगा की मुलगी, टोळीत तुझ्या नावाची आणखी कोणी आहे का. चोवीस जोड्या खऱ्याच एकेका बाईच्या निघाल्या. पंचविसावी मात्र नाही. त्या दोघी सिरसाळ्याकडच्या, एकाच नावाच्या, नात्याने चुलत जावा. जिची भेट बुडाली होती ती बाई फोनवर ठणठणीत होती, आणि हा एवढा चौकशीचा पाढा कशासाठी, म्हणून चकित झाली होती. विजयमालाने तिला नीट सांगितलं, तिचीही माफी मागितली. फोन ठेवल्यावर तिला पहिल्यापेक्षा जास्त धडकी भरली. ही दुसरी जोडी केवळ नशिबाने निभावली होती.

टोळ्या परतल्यावर, चैत्रात, ती दोन्ही रोहिणींच्या वाडीला गेली. धाकटी रोहिणी तिने पहिल्यांदा पाहिली. लहानखुरी, हसताना तोंडावर पदर धरणारी. बाळ आता चार किलोला टेकलं होतं. रोहिणीने चहा टाकला. तिच्या मनात काही राग दिसला नाही, आणि विजयमालाला तेच जड गेलं. सासू मात्र एका बाजूला बसून गहू निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरात मान्सं मोजायची का नावं, त्ये आधी ठरवा." विजयमालाने चहा घेतला, बाळाला मांडीवर घेतलं, थोडा वेळ बसली आणि परतीची गाडी धरली.

सहायक संस्थेत अजून आहे. सर म्हणाले होते, नको असेल तर बंद करू. विजयमालाच नको म्हणाली. सहाशे बायांच्या तारखा हाताने सांभाळायच्या तर किती चुका होतील, हे तिने आधीची पाच वर्षं पाहिलं होतं. तिने नोंदीत एक नवा रकाना घालून घेतला, माहेरचं गाव. आणि सहायकाला कायमची सूचना दिली, की दोन तिकिटं एकत्र करायची तर एका वेळी एकच जोडी दाखवायची, आणि बाईशी कोण बोललं ते लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'सगळं मान्य'चं बटण तिने काढून टाकायला लावलं.

यंदा आठशे दहा बाया आहेत. यादी दर सकाळी बिनचूक येते, आणि ती वाचून झाल्यावरही विजयमाला यादीत नसलेली पाच नावं स्वतः निवडून फोन करते. त्या बायांना तिचा त्रास होतो. परवा एकीने सरळ सांगितलं, "ताई, काल तर बोल्लाव. लई येळा फोन करता तुमी." विजयमाला बरं म्हणाली, जपून राहा म्हणाली आणि पुढचा नंबर लावायला घेतला.